राक्षसभुवनचा सौदा

बीड जिल्ह्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन हे क्षेत्र आहे. तेथे 10 ऑगस्ट 1763 रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा मोड केला. हा विजय तलवारीचा खराच. परंतु त्याची अर्धी सिद्धता एका सौद्याने आधीच होऊन गेली होती.

डाव तिघांचा होता: पेशवे, निजाम अली आणि नागपूरकर जानोजी भोसले. जानोजी ज्या बाजूस जाईल तिचे पारडे जड. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने त्यास साताऱ्याच्या कारभाराचे आमिष दाखविले. जानोजी वळला, आणि त्याच वर्षी निजामाने पुणे लुटले. मग पेशव्यांनी त्यास 32 लक्षांचा मुलूख देऊ केला. आमिष पहिलेच मोठे. पण ते फळ विजयानंतरचे, आणि पेशवाई बुडवून प्रबळ झालेला निजाम दिले वचन कशासाठी पाळील? मुलूख मात्र मोजून घेता येतो. फौजेचा पगार थकल्याची सबब सांगून जानोजीने छावणी सोडली. निजाम नदी उतरून गेलेला, विठ्ठल सुंदर अलीकडे, मध्ये पावसाळ्यातील गोदावरी! दिवाण रणात पडला.

फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनी 1944 साली अर्थव्यवहाराचा विचार खेळाच्या रूपाने मांडला. तिघांच्या खेळात दोघे एक होऊन तिसऱ्यास वगळतात आणि वगळलेला अधिक देऊ करून ती जोडी फोडतो, हे गणित त्या ग्रंथात आहे. जानोजीला त्याची दुसरी बाजूही लवकरच दिसली. 1766 मध्ये पेशवे व निजाम एक झाले, आणि त्या 32 लक्षांपैकी 24 लक्षांचा मुलूख त्याला परत करावा लागला.