घसरत्या पट्ट्याला एरंडेल

पट्टा घसरतोय म्हणून त्यावर तेल सोडायला निघालात, तर आजचा कुठलाही मेकॅनिक तुमचा हात धरेल. पण इंजिन लावलेल्या सायकली नव्या होत्या तेव्हा लोक नेमकं हेच करत, आणि ते तेल असे एरंडेल! हे कळल्यापासून या पट्ट्याने मला पछाडलं आहे.

बेल्जियममधल्या अँटवर्पच्या मिनर्व्हा कंपनीने 1900 च्या सुमारास सायकलच्या दांडीला बसणारं छोटं इंजिन काढलं. ट्रायम्फची 1902 मधली पहिली मोटरसायकल मिनर्व्हाच्याच इंजिनावर धावली. इंजिनाच्या लहान पुलीवरून मागच्या चाकावरच्या मोठ्या पुलीपर्यंत चामड्याचा पट्टा. लहान पुलीला त्याचा विळखा अर्ध्या फेऱ्याहूनही कमी, त्यामुळे चढ लागला किंवा पाऊस आला की घसरण तिथेच सुरू होई.

मग एरंडेल कशाला? वाळून ताठ झालेलं चामडं पुलीला जेमतेम ठिकठिकाणी टेकतं. एरंडेल दाट आणि चिवट. ते चामड्यात मुरतं, चामडं मऊ पडतं आणि पुलीला अंगभर चिकटतं. कडक झालेल्या वहाणांना एरंडेल चोळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. राळेची पूडही वापरात होती. तिची पकड तत्काळ, पण पुढे तिचा काचेसारखा थर जमतो, त्यात धूळ बसते आणि पट्टा पहिल्याहून जास्त घसरतो.

ही युक्ती सुचली कोणाला? शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल घालत, तिथलीच बाटली पट्ट्यावर आली, असं एक मत आहे. मला ते पटत नाही. एरंडेल मिसळलेलं कॅस्ट्रॉल हे इंजिनतेल बाजारात आलं 1909 मध्ये. चामड्याचे पट्टे तर गिरण्यांत त्याआधी कितीतरी पिढ्या फिरत होते. पट्टा जिवंत कसा ठेवायचा हे गिरणीत पट्टे सांभाळणाऱ्या कारागिराला ठाऊक होतं. तोच कारागीर, किंवा त्याचा मुलगा, पुढे मोटरसायकलवर बसला. माझं मत ठाम आहे: हे तेल गिरणीतून आलं.

पुढे चामडं गेलं, रबर आलं. रबरी व्ही-पट्ट्याचं, म्हणजे पुलीच्या V आकाराच्या खाचेत बसणाऱ्या पट्ट्याचं, श्रेय डेन्व्हरच्या जॉन गेट्सला देतात, साल 1917. कारखान्यांपुरतं ते मान्य. पण रबर आणि कॅनव्हासचे व्ही-पट्टे ब्रिटिश मोटरसायकलींवर पहिल्या महायुद्धाआधीच होते, म्हणून या पट्ट्याचं खरं जन्मस्थान मी रस्ताच मानतो.

लॉस एंजेलिसमध्ये 1939 साली निघालेलं, सायकलला लावायचं व्हिझर इंजिन आधी टायरवर घासणाऱ्या रोलरने चाक फिरवी. 1942 पासून रोलरच्या जागी रबरी पट्टा आला. आज जुन्या इंजिनसायकली दुरुस्त करणाऱ्यांशी या पट्ट्याची गाठ पडते, आणि काहीतरी चोपडायची जुनी सवय अजून सुटलेली नाही. रबरात तेल चामड्यासारखं मुरत नाही. ते वरच राहतं आणि पकड घालवतं.

व्ही-पट्टा पकडतो तो दोन्ही कडांनी. झिजून तो खाचेच्या तळाला टेकला, की कितीही ताणा, घसरणारच. तेव्हा पट्टा घसरला तर आधी पुलीच्या खाचेत डोकावा. तळ चकाकत असेल तर पट्टा किंवा पुली झिजली आहे, जे झिजलं असेल ते बदला. तळ चकाकत नसेल तर इंजिनातून गळणारं तेल शोधा, पट्टा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा आणि दोन्ही पुल्या दोरी धरून एका रेषेत आणा. ताण सर्वात शेवटी.