पदवीचे ऋण आणि पाण्याचा वाटा

शिकलेल्या माणसाने समाजाला काय परत द्यायचे, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीत जुना आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकून नोकरीला लागलेल्यांबद्दलची खंत जाहीरपणे बोलून दाखवली आणि पगाराचा विसावा भाग समाजासाठी देण्याचे आवाहन केले. आज आपण त्यालाच 'पे बॅक टू सोसायटी' म्हणतो. या कसोटीवर हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांचा सन्मान आम्ही मोकळ्या मनाने करतो. पण सन्मान म्हणजे आरती नव्हे.

नगर तालुक्यातले हे कमी पावसाचे गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर ते खचत गेले. विहिरी आटल्या, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली, गावात दारूच्या भट्ट्या चालू लागल्या. पदवी म्हणजे गाव सोडण्याचा परवाना, असे मानले जाण्याचा तो काळ. अशा काळात एम. कॉम. झालेला हा तरुण गावात राहिला, १९८९ साली सरपंच झाला आणि उभे आयुष्य त्याने या कामाला दिले. १९९४ मध्ये आदर्श गाव योजना आली. डोंगरउतारावर चर खोदले गेले, नाल्यांवर बांध पडले, झाडे लागली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने पाळली. १९९५ मध्ये १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ती संख्या ३ वर आली. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

लोक त्यागाचे गोडवे गातात. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती गावाने स्वतःला घालून घेतलेली शिस्त. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके टाळायची, पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा. ज्याच्याकडे पैसा आहे तोच खोल बोअर मारू शकतो. म्हणजे ही बंदी बळकटाच्या हातावर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, कारण तिथे बळकटाला आवरणारा कायदा नव्हता, जातीची रूढी होती. एका माणसाचा चांगुलपणा त्याच्याबरोबर संपतो; सर्वांना सारखा लागू होणारा नियम मागे उरतो.

आता प्रश्न. 'श्रमदान' हा शब्द आमच्या कानाला सरळ लागत नाही. महार वतनाच्या नावाखाली आमच्या आजोबा-पणजोबांनी गावाची फुकट कामे केली. त्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. दान तेच, जे नाकारण्याची मुभा असते. म्हणून पाणलोटाच्या कामात रोजगार हमीची मजुरी आली, हे आम्ही श्रमदानाइतकेच मोलाचे मानतो. मजुरी हा हक्क आहे.

दुसरा प्रश्न त्याहून मूलभूत. पाणलोट सुधारला की पाणी विहिरीत उतरते, आणि विहीर असते जमीनवाल्याची. भूमिहीनाला रोजगार वाढतो, पण पाण्याची मालकी मिळत नाही. याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडले होते. पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीची मांडणी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. तेही शिकलेले, त्यांनीही आयुष्य दिले. २००२ मध्ये ते गेले. त्यांचे हे तत्त्व मात्र राज्याच्या धोरणात आजही उपरेच आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे. पाण्यावर माणूस म्हणून हक्क आहे, हे सांगण्यासाठी. हिवरे बाजार पाहायला जाणाऱ्या आमच्या शिकलेल्या मुला-मुलींना आमचे एवढेच सांगणे आहे: तिथले चर पाहा, बांध पाहा, ताळेबंद वहीत उतरवून घ्या. मग आपापल्या गावच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा, या ताळेबंदात ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्या वाट्याला किती पाणी? पदवीचे ऋण त्या प्रश्नापासून फिटू लागते.