आधार कोणाचा आणि केव्हाचा?

कोणी काही नवीन सांगू लागला की आपण सहज विचारतो, "हे तुम्हांला कोणी सांगितले?" आणि सांगणारा चतुर असला, तर आपला दुसरा प्रश्न असतो, "केव्हा सांगितले?" विद्यापीठातील निबंधात संदर्भ देण्याची जी 'लेखक-वर्ष' पद्धती आज पुष्कळ ठिकाणी रूढ आहे, तिच्यात या दोन प्रश्नांची उत्तरे एका लहानशा कंसात दिलेली असतात. विद्यार्थ्यांना मात्र हा कंस म्हणजे गुण कापण्याचे एक निमित्त वाटतो. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात सांगावा, असे मनात आले.

या पद्धतीचे मूळ एका गोगलगाईपाशी जाऊन पोचते, हे ऐकून कदाचित आपणांस हसू येईल. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड लॉरेन्स मार्क नावाचे प्राणिशास्त्राचे अध्यापक होते. बिनकवचाच्या गोगलगाईच्या गर्भवाढीवर त्यांनी १८८१ साली एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत लेखक आपापल्या मर्जीप्रमाणे तारका, कट्यारी अशी चिन्हे वापरीत आणि पानाच्या तळाशी कशातरी टिपा देत. मार्क यांनी मजकुरातच, कंसामध्ये, ग्रंथकाराचे नाव व प्रकाशनाचे वर्ष दिले, आणि संपूर्ण तपशील शेवटच्या ग्रंथसूचीत ठेवला. १९०३ साली त्यांच्या शिष्यांनी त्यांना एक गौरवग्रंथ अर्पण केला, त्यात या कामगिरीचा आवर्जून उल्लेख आहे. एली चेर्निन यांनी १९८८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा सारा शोध मांडला. हार्वर्डला भेट देऊन गेलेल्या कोणा इंग्रज गृहस्थाने मायदेशी या रीतीला 'हार्वर्ड पद्धती' म्हटले आणि ते नाव रूढ झाले, असेही ते सांगतात.

आता कोणी म्हणेल, नाव समजले, पण वर्षाचे एवढे महत्त्व कशाला? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात शिवाजी महाराजांच्या जन्माचे वर्ष १६२७ दिले आहे. पुढे भोरजवळील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील जुनी शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. म्हणजे इसवी सनाप्रमाणे १९ फेब्रुवारी १६३०. हीच तारीख महाराष्ट्र शासनाने पुढे मान्य केली.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात १६२७ हे वर्ष दिले आणि पुढे कंसात (ग्रँट डफ १८२६) असे लिहिले. जाणत्या वाचकाच्या तत्काळ ध्यानात येईल की, या ग्रंथकाराच्या वेळी जेधे शकावली छापलेली नव्हती. त्याचे मत कशाच्या अभावी तसे झाले, हे त्या चार आकड्यांवरून कळते. परंतु त्या ग्रंथाची नवी आवृत्ती १९२१ साली निघाली. विद्यार्थ्याच्या हाती ती असली आणि त्याने मुखपृष्ठ पाहून (ग्रँट डफ १९२१) असे लिहिले, तर काय होईल? वाचकाला वाटेल की, शकावली डोळ्यांखालून गेल्यावरही ग्रंथकाराने ती अमान्य केली! आकडा मुखपृष्ठावरून जसाच्या तसा उतरविला, तरी मृत ग्रंथकाराच्या माथी नसलेले मत मारले गेले. म्हणून अशा वेळी (ग्रँट डफ १८२६/१९२१) अशी दोन्ही वर्षे द्यावीत. पहिले विचाराचे वर्ष, दुसरे हातातल्या प्रतीचे.

मराठी ग्रंथ वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा इसवी सन नसून शक असतो. १९१६ साली छापलेल्या पुस्तकावर शके १८३८ असेल, तर तो आकडा तसाच कंसात टाकल्याने लेखक पाऊणशे वर्षे मागे ढकलला जातो. शकात बहुधा अठ्ठ्याहत्तर मिळवावेत. जानेवारीच्या आरंभापासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला मात्र एकोणऐंशी मिळवावे लागतात. वरच्या जन्मतिथीचा हिशेब करून पाहा, म्हणजे पटेल. एकाच लेखकाचे एकाच वर्षी दोन लेख असले, तर वर्षापुढे अ, आ लावावे. शब्दशः उतारा घेतला असेल, तर पृष्ठांकही द्यावा. आणि कंसातले प्रत्येक नाव शेवटच्या सूचीत सापडलेच पाहिजे.

ही पद्धती सर्वगुणसंपन्न आहे, असे मात्र नाही. बखर, महजर, निनावी पत्र यांना ना निश्चित कर्ता, ना प्रकाशनाचे वर्ष. म्हणून दप्तरात काम करणारे इतिहासकार आजही बहुधा तळटीपच पसंत करतात. कोणती रीत वापरावी, हे आपला विषय व आपले विद्यापीठ ठरवील. पण मूळ कर्तव्य दोहोंत एकच आहे. जे दुसऱ्याचे, त्यावर दुसऱ्याचे नाव घालावे. जे स्वतः वाचले नाही, ते वाचल्याचा आव आणू नये. जेधे शकावलीतील नोंद दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतली असेल, तर त्या दुसऱ्याचे नाव सांगावे.

विद्यार्थी मित्रहो, कंस भरण्याचे काम निबंध संपल्यावरच्या रात्री करू नका. टिपण घेतानाच नाव, वर्ष आणि पृष्ठ लिहून ठेवा. वाचक आपल्यावर विश्वास ठेवतो तो आपले शब्द गोड म्हणून नव्हे. आपण दाखविलेल्या वाटेने जाऊन त्याला मूळ जागा सापडते म्हणून. ती वाट मोकळी ठेवणे, एवढेच या लहानशा कंसाचे काम आहे.