समुद्र येणार होता

पावसाळ्यात आमच्या गल्लीत सकाळी आधी कोण बोलेल ते ठरलेलं नसे, पण वाक्य ठरलेलं असे. "नीळ्ळु एंतोच्चिनय?" पाणी किती आलं? दूध घालायला आलेली बाई हेच विचारायची, शाळेचा शिपाई हेच विचारायचा. माझी आई ब्रह्मपुरीकडची. लग्न होऊन सिरोंच्याला आली तेव्हा तिला तेलुगूतला एक शब्द कळत नव्हता. ती सांगते की इथली भाषा तिला या एका वाक्यापासून यायला लागली. अंगणात उभी राहून ती स्वतःच्या बोलीत बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारायची, "पानी कोठवरी आला जी?" आणि बापू तेलुगूत उत्तर द्यायचे. आमच्या घरात बातमी अशी दोन भाषांतून यायची.

सिरोंचा प्राणहितेच्या काठावर आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता. आमचं गाव ओलांडलं की ती गोदावरीला मिळते, आणि संगमाच्या पलीकडच्या काठावर कालेश्वराचं देऊळ. एकाच पीठावर दोन शिवलिंगं असलेलं ते देऊळ आता तेलंगणात आहे. थोडं खाली सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते, तिच्या पल्याड छत्तीसगड. म्हणजे पूर्व विदर्भात पडलेला बहुतेक पाऊस शेवटी आमच्या दारावरून जातो. गोसीखुर्द धरणाची दारं उघडली की ब्रह्मपुरीचा मामा आईला फोन करतो. मग दोन-तीन दिवसांनी ते पाणी आमच्या घाटाला लागतं. आई त्याला माहेरचं पाणी म्हणते.

बातम्या आणायचं काम आमच्या घराण्याकडे होतं, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. माझे आजोबा टपालाचे रनर होते. जुनी माणसं हरकारा म्हणत. आम्ही त्यांना तात म्हणायचो. सिरोंच्याहून बामणीपर्यंतचा टप्पा त्यांचा, तिथे पुढचा माणूस थैली घ्यायचा. ती काठी मी लहानपणी पाहिली आहे. बांबूची, हाताच्या घामाने काळी झालेली, वरच्या टोकाला लोखंडी पातं आणि त्याखाली घुंगरांचा झुबका. त्यातले सातच घुंगरू उरले होते. पातं जनावरासाठी आणि घुंगरू माणसांसाठी, असं तात सांगायचे. रानातल्या वस्तीला घुंगरू ऐकू आले की कुणीतरी पाण्याचा लोटा घेऊन वाटेवर येऊन उभं राहायचं. तातांना थांबायची परवानगी नव्हती. पाणी प्यायचं, आणि पिता पिता त्या घोटभर वेळात गावाकडची बातमी सांगायची. कोण आजारी आहे, बाजारात मिरचीला काय भाव आला, नाव चालू आहे की बंद. थैलीतली पत्रं नागपूरची, चांद्याची असत, ती वस्तीवरच्या कुणाचीच नसत. वस्तीसाठी बातमी म्हणजे तात स्वतः.

त्यांच्याकडे गोष्टींचा साठा होता, आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट समुद्राची होती.

"आपल्या गावाला समुद्र येणार होता, पोरा," असं ते सुरू करायचे. त्यांच्या आजोबांनी म्हणे आगबोट पाहिली होती. नदी तुडुंब असताना ती खालून धूर सोडत आली, काठावरची गुरं दावी तोडून पळाली, आणि बोटीवरचा गोरा साहेब टोपी काढून हसला. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. दर वेळी गुरांची संख्या वाढायची. मी शाळेत वरच्या वर्गात गेलो तेव्हा मला वाटू लागलं की हे सगळं मनचं आहे. समुद्र कुठे, सिरोंचा कुठे.

पुढे नोकरीच्या निमित्ताने नागपूरच्या एका ग्रंथालयात जुनी गॅझेटियरं हाताला लागली आणि मी तिथेच तातांची मनातल्या मनात माफी मागितली. समुद्र खरंच येणार होता.

गोदावरीवर धवलेश्वरमचा मोठा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यात ही कल्पना होती. बंगालच्या उपसागरातून गोदावरीने वर यायचं, प्राणहितेत शिरायचं, वर्धेपर्यंत जायचं आणि हिंगणघाटकडचा कापूस बोटीत भरून काकिनाड्याच्या बंदराला न्यायचा. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मध्य हिंदुस्थानच्या कापसाकडे सगळ्यांचे डोळे लागले. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इचमपल्लीला, तिसरा प्राणहितेत देवलमरीला. बंधारे बांधायचे आणि बाजूने दरवाज्यांचे कालवे काढून बोटी वर चढवायच्या, असा बेत. कॅप्टन हेग नावाचा अधिकारी वर्षानुवर्षं या कामावर होता. दुम्मागुडेमचा बंधारा झाला. तो अजून आहे. वरच्या दोन ठिकाणी काम सुरू झालं, मजूर तापाने मेले, पैसा पाण्यात जात राहिला. दरम्यान 1867 मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. कापूस रुळावरून निघाला. 1871 मध्ये नदीवरचं काम कायमचं थांबवलं.

त्या दहा वर्षांत सिरोंचा मोठं होतं. 1860 मध्ये निजामाने गोदावरीच्या डाव्या काठाचे तालुके इंग्रजांना दिले, त्यांचा अपर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि जिल्ह्याचं ठाणं सिरोंचा. कचेऱ्या आल्या, साहेब आले. ग्लासफर्ड नावाचा डेप्युटी कमिशनर इथे होता. आमच्या तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचं गाव आहे. तिथल्या म्हाताऱ्या ते नाव इतक्या सहज उच्चारतात की ते साहेबाचं आहे असं सांगावं लागतं. 1874 मध्ये जिल्हा मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला, सिरोंचा चांदा जिल्ह्यात. तात याचा हिशेब बोटांवर करायचे. निजाम, इंग्रज, चांदा, मग महाराष्ट्र, आणि 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली. "माणसं तिथंच, पत्ता बदलला," एवढंच ते म्हणायचे. टपालाच्या माणसाला पत्ता बदलण्याचं दुःख जास्त कळत असावं.

त्यांची दुसरी गोष्ट रात्रीची होती, ती हळू आवाजात सांगायची. 1857 च्या धामधुमीनंतर पुढच्या उन्हाळ्यात तारेच्या कामावरचे इंग्रज प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तळ देऊन होते. 29 एप्रिल 1858 च्या रात्री इंग्रजांविरुद्ध उठलेले जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांच्या माणसांनी तळावर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. त्यानेच ती खबर चांद्याला क्रायटन साहेबापर्यंत नेली. बाबुरावांना पुढे पकडून 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. तात बाबुरावांचं नाव घेताना डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवायचे. पण गोष्ट सांगताना त्यांचा जीव अडकायचा तो त्या पळालेल्या माणसात. रानातून रात्री एकटं धावणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. "शत्रूचा माणूस, पण धावला बिचारा," असं म्हणून ते गप्प बसत. मला ही गोष्ट त्या गप्प बसण्यासकट आठवते.

तिसरी गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखतची. 1958 ते 1961 या काळात कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची माणसं आमच्या तालुक्यात तंबू ठोकून होती. संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून लंडनच्या पामेला रॉबिन्सन या बाईंनी तिथल्या भूशास्त्र विभागाची घडी बसवली होती. पोचमपल्लीच्या आसपास त्यांना प्रचंड हाडं सापडली. तात त्या तंबूत पत्रं द्यायला जायचे. मांडीएवढ्या जाडीची दगडी हाडं ओळीने चटयांवर मांडलेली, प्रत्येकावर नंबर. गावात बोलणं असं की राक्षसाची हाडं आहेत, हात लावू नये. एका तरुण संशोधकाने तातांचा हात धरून एका हाडावर ठेवला. "गार होतं," तात सांगायचे, "आणि विहिरीच्या दगडासारखं खरबरीत." त्या प्राण्याला 1975 मध्ये बारापासॉरस टागोराय असं नाव मिळालं. बडा-पा म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोर यासाठी की 1961 हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. सांगाडा कलकत्त्याच्या त्या संस्थेत उभा आहे. अलीकडे सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान झालं, पण आपल्या मातीतला तो सांगाडा पाहायला आमच्या पोरांना अजून कलकत्त्याला जावं लागतं. याचं मला वाईट वाटतं.

आता 1986 कडे यायला हवं, कारण आमच्याकडे कुणाचं वय, लग्न, शेताची वाटणी, सगळं त्या वर्षावरून मोजतात. वरदच्या आधी की नंतर. वरद म्हणजे तेलुगूत पूर. त्या ऑगस्टमध्ये खाली भद्राचलमला गोदावरी 75.6 फुटांवर गेली होती, तो आकडा अजून कुणी मोडलेला नाही. आमच्या गल्लीत पाणी रात्री आलं. आवाज नव्हता. अव्वा, म्हणजे आजी, उठली तेव्हा चप्पल दारातून घरात तरंगत येत होती. बापूंनी जाड्या तांदळाचं पोतं खांद्यावर घेतलं, आईने मला आणि धाकट्या बहिणीला धरलं, आणि तात काठी घेऊन पुढे. पाण्यात पाऊल टाकताना ते काठी हापटायचे आणि घुंगरू वाजायचे. अंधारात आम्ही त्या आवाजामागून चाललो. गल्लीतली इतर घरंही त्या आवाजामागून आली. उंचावरच्या शाळेत पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं तर चाळीसेक माणसं होती.

पाणी उतरल्यावर बापूंनी घराच्या मातीच्या भिंतीवर खिळ्याने रेघ ओढली. पुढच्या उन्हाळ्यात ती भिंतच बसली. घर पुन्हा बांधलं, जोतं वर घेतलं, सिमेंट आलं. रेघ गेली.

तात त्यानंतर चार वर्षांनी गेले. शेवटच्या दिवसांत ते एका कागदावरून वैतागायचे. कुणीतरी वर्तमानपत्रात दाखवलं होतं की इचमपल्लीला मोठं धरण होणार, 1980 च्या गोदावरी पाणीवाटप लवादाच्या निवाड्यातसुद्धा ते आहे. "पुन्हा इचमपल्ली," ते म्हणायचे. "आजोबांनी तिथं दगड फोडले." ते धरण झालं नाही. झालं ते मेडीगड्डाला, तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पातलं, आमच्या खालच्या अंगाला. 85 दरवाज्यांचा बंधारा, 21 जून 2019 ला उद्घाटन. तेव्हापासून आमच्या गावचं सकाळचं वाक्य बदललं. आता विचारतात, "गेट किती उघडले?" उघडे असतील तर पाणी पुढे जातं, बंद असतील तर मागे फुगतं आणि काठावरच्या शेतात शिरतं. मिरची आणि कापूस उभ्या उभ्या सडतात. भरपाईसाठी शेतकरी उपोषणाला बसले, ती बातमी नागपूरच्या अंकात आतल्या पानावर आली. ऑक्टोबर 2023 मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले, तेव्हा मात्र आमच्या नदीचं नाव दिल्लीच्या टीव्हीवर ऐकलं.

2022 चं वर्ष दोन्ही अंगांनी भरलेलं होतं. 13 ते 24 एप्रिल प्राणहितेचं पुष्कर, नदीस्नानाचं पर्व. गुरू मीन राशीत आला की बारा वर्षांनी येतं. तीन राज्यांतून लोक आले, घाटावर पाय ठेवायला जागा नाही, गावातल्या प्रत्येक घरात पाहुणे, आमच्याकडे वरंगलची अकरा माणसं. आई पहाटे तीनला चूल पेटवायची. आणि तीन महिन्यांत, जुलैच्या मध्याला, तोच घाट पाण्याखाली. या वेळी काठी नव्हती, मोबाइल होते. पूल बंद, आल्लापल्लीचा रस्ता बंद, आणि गटावर दर दहा मिनिटांनी फोटो. त्यातले काही दुसऱ्याच गावाचे, काही जुने. कुठलं खरं ते कळेना. शेवटी पोरं घाटाकडे जाऊन डोळ्यांनी बघून आली आणि दारोदार सांगत फिरली. मला ते पाहताना तात आठवले.

पाणी उतरलं त्या सकाळी मी सिमेंटच्या भिंतीवर रंगाने रेघ ओढत होतो. आई बाहेर आली. तिचं वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेली. मी विचारलं, "आई, शहाऐंशीला जास्त होतं की आता?"

तिने भिंतीकडे पाहिलंच नाही. अंगणातल्या कडुलिंबाकडे गेली. ते झाड त्या वेळीही होतं. खोडाला एक जुनी गाठ आहे, तिच्या खाली दोन बोटांवर तिने तळहात टेकवला.

"येथवरी होता गा," म्हणाली.

तिच्या हाताच्या वर वीतभर साल अजून ओली होती, आणि त्या ओलीला रेतीचे कण चिकटलेले होते. मी घरात जाऊन खिळा आणि हातोडी घेऊन आलो. आई तळहात तसाच टेकवून उभी होती.