पणजीच्या वहीतला शेर

दिवाळीच्या आधी आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत एक जुनी वही सापडली. पणजीने सांगायचे आणि शाळकरी आजोबांनी बोरूने उतरून घ्यायचे, अशी ती तयार झालेली. तिच्यात अनारशांचे प्रमाण होते : तांदूळ १ शेर, गूळ २ शेर. घरातून लगेच हाक आली, "अहो, तांदळाच्या दुप्पट गूळ घातला तर अनारसे कढईत हसतील, एकही हाताला लागणार नाही. तुमच्या इतिहासात याचा काही उलगडा आहे का?"

अनारसा हसणे म्हणजे काय ते वाचकांतल्या गृहिणींना सांगायला नको. गूळ अधिक झाला की तुपात टाकताच त्याचा चुरा होऊन पसरतो. पीठ वजनाने जितके असेल त्याच्या पाऊणपट ते बरोबरीने गूळ, असा सर्वसाधारण हिशेब. मग पणजी चुकली की आजोबा? मला वाटले, दोघेही नव्हेत. आपणच तो शब्द वाचायला चुकतो आहोत.

कारण 'शेर' हा शब्द एक असला तरी शेर एक नव्हता. एक शेर तराजूचा, दुसरा भरायच्या मापाचा. तेल, गूळ, मसाले हे तोलायचे. धान्य मात्र मोजायचे ते भरून. खेड्यात तराजू फार थोड्यांच्या घरी असे, पण पितळेचे किंवा लाकडाचे माप बहुतेक घरी सापडे. त्याचे कोष्टक जुन्या मंडळींना पाढ्यासारखे पाठ असायचे. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. कुठे बारा पायल्यांचाही मण धरीत. ते गावावर अवलंबून.

या कोष्टकाकडे शिक्षकांनी जरा निरखून पाहावे. पायलीपर्यंत सगळीकडे दुप्पट आणि निम्मे, दुसरा आकडाच नाही. पायलीत निळवी किती? चौसष्ट. आणि जुन्या रुपयात पैसे किती होते? तेही चौसष्ट. म्हणजे ज्वारी रुपयाला पायली असेल तर पैशाला निळवेभर आणि आण्याला बरोबर चिपटेभर! अक्षर न ओळखणारी बाईसुद्धा बाजारात उभ्या उभ्या हा हिशेब करी. वजनाच्या चाळीस शेरी मणालाही असाच ठोकताळा होता : मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितके आणे. पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी ही मुलांकडून घोकून घेत ती याच व्यवहारासाठी. आज आपण त्यांना हसतो. त्या वेळी ती पोटाची विद्या होती.

पण या सोयीच्या पोटात एक मोठी गैरसोय होती. पायलीत शेर चार, हे खरे. पण शेर केवढा? या गावची पायली त्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नाही. शिवाय भरण्याची रीत वेगळी. मापाच्या काठावर धान्याचा जो शंकू उभा राहतो त्याला शीग म्हणतात. एखादी गोष्ट शिगेला पोहोचली असे आपण म्हणतो, तो शब्द खळ्यावरचा आहे. शीग लावून मोजले की एक हिशेब, काठावरून हात फिरवून सपाट मोजले की दुसरा. कित्येक खळ्यांवर पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. हा लाभ नेमका कोणाचा, हे मापणाऱ्याच्या हातावर ठरे. सावकाराचे येणे शीग लावून आणि मजुराची मजुरी सपाट, असे घडले की गरिबाचे मूठ-मूठ धान्य जाई. वर्षभराची मजुरीच धान्यात मिळत असेल, तर त्या मुठींची किती पोती होतील ते तुम्हीच मोजा.

ही युक्ती काही आपल्या खेड्यांनी शोधली नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. मापे दर चार महिन्यांनी तपासून त्यांवर छाप मारून घ्यावी, असा त्यात नियम आहे. उत्तम व्यवस्था! पण त्याच प्रकरणात द्रोण नावाचे माप चार तऱ्हांचे सांगितले आहे. राजाच्या भांडारात येणाऱ्या धान्यासाठी २०० पलांचा द्रोण, व्यापारासाठी १८७॥ पलांचा, नोकरचाकरांना द्यायचे त्यासाठी १७५ पलांचा आणि अंतःपुरासाठी १६२॥ पलांचा. घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे लहान, हे तिथे लपवलेलेही नाही. उघड नियम म्हणून लिहिले आहे. पुढे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण, खारी असे कोष्टक दिले, तेव्हा खारीची व्याख्या भूमितीने केली : एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल. गणिती माणूस! पण हात तरी कोणाचा, हा प्रश्न उरतोच. त्यातला कुडव हा शब्द गोव्यात टिकला. तिथे वीस कुडवांची खंडी होते. 'लीलावती'तला कुडव मात्र खारीचा एक हजार चोविसावा भाग. नाव राहिले, पोट बदलले.

तराजूच्या शेराचीही तीच गत. मुंबईच्या जुन्या पेठेत मण होता २८ पौंडांचा. त्याचे शेर चाळीस, म्हणजे एक शेर आजच्या हिशेबाने सुमारे ३१७ ग्रॅम. या शेराचे टांक बहात्तर. त्यांतले नऊ टांक म्हणजे शेराचा आठवा भाग, तेच आपले नवटाक. दुसरीकडे कंपनी सरकारने १८३३ साली १८० ग्रेनांचा तोळा प्रमाण धरला. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. हा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे मुंबईच्या जुन्या शेराच्या जवळजवळ तिप्पट. १८३५ पासून पाडलेला कंपनीचा रुपयाही बरोबर एक तोळा वजनाचा होता, म्हणून तर 'रुपयाभार सुंठ' असे बायका सांगत. नाणे तराजूत टाकले की झाले. मुंबई इलाख्यात वजनमापांचा कायदा १९३२ साली आला, तरी जुने शेर एका रात्रीत थोडेच जातात? कित्येक वर्षे दोन्ही शेजारी नांदले. एक कच्चा, एक पक्का.

आता स्वयंपाकघरात या. जुन्या वहीत 'नवटाक तूप' असे लिहिले असेल तर ते चाळीस ग्रॅम की एकशे सतरा? शिऱ्यात चाळीसच्या जागी एकशे सतरा ग्रॅम तूप गेले तर खाणारा तक्रार करणार नाही, पण मिठाच्या किंवा गुळाच्या बाबतीत सगळा पदार्थ बसतो.

स्वातंत्र्यानंतर हा गुंता सोडवायचे ठरले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनमापांचा कायदा १९५६ सालीच झाला होता. १ ऑक्टोबर १९५८ पासून काही निवडक भागांत किलोग्रॅम सुरू झाला आणि एप्रिल १९६२ पासून तो देशभर सक्तीचा झाला. नवा किलो म्हणजे जुना पक्का शेर आणि वर छटाकाहून थोडे अधिक. फरक इतका थोडा, म्हणूनच घोटाळा मोठा! शेराचा भाव किलोला लागला तर दुकानदार बुडणार, किलोचा भाव लावून माप शेराचेच दिले तर गिऱ्हाईक. जुने शब्द तर गेलेच नाहीत. आजही आपण 'पावशेर भेंडी' मागतो आणि भाजीवाला २५० ग्रॅम तोलतो. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा होता. सराफाच्या दुकानात तोळा आता बहुधा दहा ग्रॅमचा धरतात. जुना तोळा होता साडेअकराहून अधिक. कायद्याने मात्र सगळीकडे ग्रॅम आणि लिटरच. २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा २०११ पासून लागू आहे, तोही हेच सांगतो. माझ्या मते हा बदल गरिबाच्या फार कामी आला. चौसष्टाचे सुंदर गणित गेले याची मला हळहळ वाटते खरी, पण किलोला शीग लावता येत नाही.

एवढ्या उलथापालथीत स्वयंपाक मात्र बिघडला नाही. का? कारण घरची बाई मापावर नव्हे, प्रमाणावर चालते. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी : वाटी लहान असो की मोठी, भात तोच. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले, त्यातही माप वाटी-चमच्याचेच, आणि ते घरोघर चालले. अडचण येते ती एक जिन्नस वाटीने आणि दुसरा तराजूने घेतला की. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करता येईल. २५० मिलिलिटरचे भांडे घ्या. त्यात पाणी २५० ग्रॅम मावते, तांदूळ सुमारे २०० ग्रॅम, कणीक त्याहून पुष्कळ कमी, आणि पोह्यांचे तर विचारूच नका. कणीक चाळून हलक्या हाताने भरली की एक वजन, ठोकून भरली की दुसरे. 'एक वाटी म्हणजे इतके ग्रॅम' असा आकडा कोणी सांगितला, तर कशाची वाटी, हे मुलांनी आधी विचारावे.

पणजीची गोष्ट अर्धीच राहिली. त्याच पेटीत घरचे शेराचे पितळी माप होते. मी ते तांदळाने सपाट भरले आणि तोलले. साडेआठशे ग्रॅम भरले. आमचे गाव बंदराजवळचे. गूळ यायचा तो मुंबईच्या पेठेतून, तेव्हा तो तिथल्या जुन्या शेराने तोललेला असणार असे मी धरले. असे दोन शेर म्हणजे ६३४ ग्रॅम. साडेआठशेला ६३४, करा भागाकार. पाऊणपटच!

त्या प्रमाणाने अनारसे झाले. पहिला कढईत टाकताना आम्ही सगळे चुलीभोवती जमलो होतो. तो हसला नाही. वहीत मी आता पेन्सिलीने तांदळापुढे 'घरचे माप, सपाट' आणि गुळापुढे 'मुंबईचा जुना शेर' असे लिहून ठेवले आहे. खाली ग्रॅमही लिहिले आहेत. तुमच्या घरी अशी वही असेल, तर घरातली वडील बाई आहे तोवर तिला विचारून घ्या : आजी, हा शेर भरायचा की तोलायचा?