किलोचा भाव, नगाचा भाव

दिवाळी सरली की घरोघर माळे उपसले जातात आणि रद्दी निघते. रद्दीवाला दारात उकिडवा बसतो, गठ्ठ्याची सुतळी सोडतो, वर्तमानपत्रे एकीकडे, वह्या-मासिके दुसरीकडे करतो आणि काटा उचलतो. त्या गठ्ठ्यात साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा ‘सत्यकथे’चा एखादा अंक असला तरी काट्याला त्याचे वेगळेपण कळत नाही. तोच अंक बाजूला काढून, खिडकीच्या उजेडात त्याचे फोटो घेऊन, खाली चार नेमक्या ओळी लिहून विकायला ठेवला की त्याचा भाव किलोवर न ठरता नगावर ठरतो. असे जुने छापील कागद ओळखून, वर्णन करून, घरबसल्या विकणारी माणसे आज पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत आहेत. हा उद्योग मोबाइलने जन्माला घातला असे वरवर पाहता वाटते. पण किलोचा कागद नगाचा कसा झाला हे समजून घ्यायचे असेल, तर आपल्याला पावणेदोनशे वर्षे तरी मागे जावे लागेल.

छापखान्यापूर्वी आपल्याकडे लिहिलेला कागद सहसा टाकला जात नसे. पोथी जीर्ण झाली की तिची नक्कल करून घेत आणि मूळ प्रत नदीत सोडत. छपाई आली आणि एकाच मजकुराच्या शेकडो प्रती निघू लागल्या, तेव्हा नकोशी प्रत ही गोष्ट प्रथमच अस्तित्वात आली. गोव्यात जेझुइटांनी १५५६ साली यंत्र आणले, १८०५ साली मिरजेला गीता छापली गेली आणि त्याच वर्षी बंगालमधल्या श्रीरामपुराहून विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघाले. या तिन्ही घटना इतिहासात मोठ्या असल्या, तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा उंबरठा १८४१ सालचा आहे. त्या वर्षी मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी मराठी पंचांग छापले. छपाईच्या शाईत चरबी असते या शंकेने सोवळी माणसे छापील पोथीला हात लावत नसत, म्हणून त्यांनी तूप घालून शाई तयार केली. पंचांगाची एक गंमत अशी की ते पाडव्याला घरात येते आणि पुढच्या पाडव्याला निरुपयोगी ठरते. हजारो घरांत गेलेली, पण कोणीच न जपलेली ही पहिली मराठी छापील वस्तू असावी असे मला वाटते. जे सर्वांकडे असते ते कोणी सांभाळत नाही आणि म्हणूनच ते पुढे सापडत नाही. जुन्या कागदाच्या दुर्मिळपणाचे हे गणित तिथेच सुरू झाले. ‘रद्दी’ हा शब्दही ‘रद्द’ या अरबी शब्दावरून आला. रद्दी म्हणजे नाकारलेले. कागद नाकारला जातो तो वाचणाऱ्याकडून. वाण्याला पुड्या बांधायला तो हवाच असतो.

पंचांग घरात आले, पण ते घरून दुसऱ्या गावच्या घरी पाठवायचे तर टपालाची गरज होती. या धंद्याच्या विसरलेल्या पूर्वजांत मी टपालखात्याला सर्वांत वरचे स्थान देतो. १८५४ साली हिंदुस्थानभर अंतर न पाहता एकसारखा टपालदर लागू झाला. १८७७ साली व्ही.पी., म्हणजे व्हॅल्यू पेएबल टपाल, सुरू झाली आणि १८८० साली मनिऑर्डर. व्ही.पी.ने काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. रत्नागिरीच्या शिक्षकाने मुंबईच्या ग्रंथविक्रेत्याला एक कार्ड टाकायचे, विक्रेत्याने पुस्तक रवाना करायचे, पोस्टमनने ते दारात दाखवून पैसे घ्यायचे आणि ते पैसे विक्रेत्याला पोचते करायचे. एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या दोन माणसांमध्ये विश्वासाचा पूल सरकारी खाकी पिशवीने बांधला. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणून आपण जे ओळखतो, ते आपल्या पणजोबांना ठाऊक होते. जुन्या पुस्तकांच्या मलपृष्ठांवरच्या जाहिराती पाहाव्यात. किमतीखाली ‘टपालखर्च निराळा’ ही ओळ हमखास असते. आजचे विक्रेतेही तेच लिहितात, फक्त निराळ्या शब्दांत.

वाट तयार झाली, पण टाकलेल्या कागदाला मोल आहे हे डोळ्यांना शिकवले ते संशोधकांनी. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडत, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळत. वाळवीने खाल्लेली, पावसाने भिजलेली, वाण्याच्या दुकानी निघालेली कागदपत्रे वाचवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्यांचा शोध हस्तलिखितांचा, पण त्यांच्यामुळे एक सवय रुजली, की गठ्ठा टाकण्यापूर्वी सोडून पाहावा. छापील पुस्तकांच्या बाबतीत हेच काम शंकर गणेश दाते यांनी केले. ग्रंथालये पालथी घालून त्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढच्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. लेखक, प्रकाशक, साल, पृष्ठसंख्या अशी एकेक नोंद. हातात आलेले पान सुटे, पहिले पान फाटलेले, तरी ‘दाते सूची’ उघडली की पुष्कळदा त्या अनाथ पुस्तकाचे नाव-गाव सापडते. आज घरातून पुस्तक विकणारा माणूस फोटोखाली जो तपशील लिहितो, तो खरे म्हणजे सूचीकाराचाच तपशील असतो. मला हा वारसा फार मोलाचा वाटतो.

एव्हाना छापील वस्तूंचे गोत्रही वाढले होते. १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना मुंबईत गिरगावात निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्रातल्या रंगागणिक वेगळा दगड लावून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत विराजमान झाल्या. कितीतरी घरांतल्या बायकांनी त्या चित्रांतल्या साड्यांना खरी जर आणि टिकल्या शिवल्या. अशी जरीकाम केलेली चित्रे आज हौशी माणसे मुद्दाम शोधतात. मात्र चौकटीत बसवताना चित्राच्या खालची कड कापली गेली असेल, तर तिच्यावरचे छापखान्याचे नाव जाते आणि त्याबरोबर किंमतही उतरते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीला एक नवे वार्षिक व्यसन लागले. मग कापडगिरण्यांच्या ताग्यांवरची रंगीत चित्रे, काड्यापेट्यांची लेबले, चित्रपटगृहात मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे, ‘चांदोबा’, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, वेताळाची इंद्रजाल कॉमिक्स. यांतले काहीही टिकावे म्हणून छापलेले नव्हते. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली आणि ती हातोहात फिरून इतकी वाचली गेली की चांगल्या स्थितीतली प्रत मिळणे आज मुश्कील झाले आहे.

या कागदांची पहिली बाजारपेठ रस्त्यावर भरली. मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याचे किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौक, सिनेमाच्या पोस्टरांसाठी चोरबाजारातली मटण स्ट्रीट. पदपथावरचा विक्रेता रद्दीच्या दुकानातून किलोने उचलायचा आणि नगाने विकायचा. काट्यापासून नगापर्यंतचा प्रवास त्याच्या नजरेत घडत असे. गिऱ्हाइकाने पुस्तक कसे हाती घेतले, कोणत्या पानावर थांबले, यावरून तो भाव सांगायचा. मधे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात मुठेकाठच्या पेठांतले असंख्य ग्रंथसंग्रह चिखलात गेले. जे उरले ते त्या दिवसानंतर आपोआपच विरळ झाले.

संगणकाने आणलेला बदल पाहिला तर त्याचा आवाका मोठा, पण त्याची वीण ओळखीची आहे. १९९५ साली अमेरिकेत ईबे हे ऑनलाइन लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. २००० साली मुंबईत तसेच बाझी डॉट कॉम निघाले आणि २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले. तिथे नाणी आणि तिकिटांच्या बरोबरीने जुनी मासिके, चित्रे, लेबले लिलावात येऊ लागली. २०१८ साली ईबेचे भारतीय दुकान बंद झाले, तोवर विक्रेते फेसबुकच्या आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर पांगले होते. २०१६ साली यूपीआय आले आणि व्ही.पी.चे उरलेले काम फोनने उचलले. टपालाशी असलेले नाते मात्र तुटले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर बुकपोस्ट सेवा बंद झाली तेव्हा या घरगुती विक्रेत्यांना मोठा धक्का बसला, कारण शंभर रुपयांच्या पुस्तकाला तितकाच टपालखर्च कोण देणार? मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी टपालसेवा सुरू झाली, पण ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने तिच्यात बसत नाहीत. म्हणजे दिवाळी अंक विकणाऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला.

आता आपण डोंबिवलीतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात डोकावू. दुपारची कामे आवरली आहेत. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर १९५०च्या दशकातला एक दिवाळी अंक ठेवला आहे. गृहिणी मऊ ब्रशने त्याची धूळ काढते, पाने एकेक करून मोजते. मुखपृष्ठाचा, मलपृष्ठाचा, शिवणीचा, कसरीने पाडलेल्या भोकाचाही फोटो घेते. खाली लिहिते: मुखपृष्ठ दलाल, पृष्ठे ११३ ते ११६ नाहीत, पाठीला चिकटपट्टी, आतल्या पानावर मूळ मालकाची सही. ही ओळ लिहिली नाही तर अंक परत येतो आणि नावही जाते. वाचनालयाचा शिक्का असेल तर त्याच्याशेजारी ‘बाद’ असा दुसरा शिक्का आहे का, हे ती आधी पाहते. नसेल तर ते पुस्तक विकायला ठेवत नाही. परदेशातून मागणी आली तर सालाकडे बारीक लक्ष द्यावे लागते, कारण १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक, वाङ्मयीन वा कलात्मक मोलाची हस्तलिखिते पंचाहत्तर वर्षांची झाली, किंवा चित्रे शंभर वर्षांची झाली, की ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. रविवर्म्याच्या मूळ छापील चित्रांपैकी बरीचशी याच वयाची आहेत, आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली त्यांची नवी छपाईही बाजारात फिरते, हे तिला माहीत असते.

संध्याकाळपर्यंत अंक विकला जातो. घेणारा बहुधा पन्नाशी-साठीचा असतो. त्याच्या वडिलांची पहिली कथा त्या अंकात छापून आलेली असते आणि घरातली प्रत केव्हातरी रद्दीत गेलेली असते. ती अंक प्लास्टिकमध्ये गुंडाळते, दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावते, कडा चिकटपट्टीने बंद करते, वर मोठ्या अक्षरात पत्ता लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल कचेरीच्या खिडकीत ते पाकीट काट्यावर ठेवले जाते. कारकून आकडा वाचतो आणि ती पैसे मोजून देते.