नऊ मिनिटं दिवे बंद झाले, तेव्हा ग्रिड कसं टिकलं?

5 एप्रिल 2020. रात्री 9 वाजता पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभर लोकांनी नऊ मिनिटं दिवे मालवले. त्याआधीचे दोन दिवस 'ग्रिड कोसळणार' असे मेसेज फिरत होते. ही भीती अगदीच फुकाची नव्हती. राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनीही तसा इशारा दिला होता.

पण दिवे बंद केल्याने वीज का जाईल? उलट ती वाचायला हवी ना?

गोम इथेच आहे. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही, जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा हिशेब जुळतोय का, हे फ्रिक्वेन्सी सांगते. आपल्याकडे ती 50 हर्ट्झ असते. मागणी वाढली की ती घसरते, मागणी पडली की चढते. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं. तेव्हापासून हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावरच्या हॉटेलातला पंखा आणि दिल्लीतला पंखा एकाच फ्रिक्वेन्सीवर फिरतो.

फ्रिक्वेन्सी फारच हलली, तर वीजकेंद्रांतले संच खराब होऊ नयेत म्हणून आपोआप बंद पडतात. त्यांचा भार इतरांवर येतो, मग तेही बंद पडतात. एक वाहिनी बंद पडून तिचा भार दुसरीवर गेला, तरी अशीच साखळी लागते. 31 जुलै 2012 ला उत्तर आणि पूर्व भारतात सुमारे 60 कोटी लोकांची वीज गेली, ती अशाच साखळीने.

त्या रात्री मागणी 12 ते 14 हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती 31 हजार मेगावॅटहून जास्त घटली! तरी फ्रिक्वेन्सी 49.70 ते 50.26 च्या मध्येच राहिली. याचं मोठं श्रेय जलविद्युत केंद्रांना. औष्णिक संचाला वेग बदलायला वेळ लागतो, पाण्याचा संच मिनिटांत वर-खाली होतो. म्हणून 9 च्या आधीच औष्णिक उत्पादन उतरवून पाण्याची वीज चढवून ठेवली होती, आणि दिवे मालवताच ती झपाट्याने कमी केली.

अर्थात तेव्हा वेळ आधीच माहीत होती. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला सकाळी कळवा-पडघे भागातल्या वाहिन्या बंद पडल्या, तेव्हा ती सोय नव्हती. अशा वेळी मुंबईला ग्रिडपासून वेगळं काढून स्थानिक केंद्रांवर चालवायची 'आयलंडिंग' यंत्रणा आहे. ती त्या दिवशी टिकली नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

फ्रिक्वेन्सी ठरलेल्या पातळीखाली गेली, तर शेवटचा उपाय म्हणून उपकेंद्रांतले रिले ठरवून ठेवलेले फीडर स्वतःच तोडतात. हे सेकंदाच्या आत घडतं, माणसाला फोन उचलायलाही तेवढा वेळ पुरत नाही.